व्हिडिओ चालत नाही? आधी दोष ओळखा, मग उपाय करा

वसई, प्रतिनिधी

लग्नाची तबकडी घालावी आणि पडद्यावर काळोखाखेरीज काही दिसू नये, टीव्हीवर आवडीची मालिका लावावी आणि गोल चक्र फिरत राहावे, चित्र दिसावे पण आवाज येऊ नये, असे अनुभव आता घरोघरचे झाले आहेत. अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करतात, नाहीतर 'फाइल खराब झाली' असे ठरवून ती काढून टाकतात. पहिला उपाय निरुपद्रवी आहे, पुष्कळदा उपयोगीही पडतो. दुसऱ्याने मात्र घरातील एखादी आठवण कायमची पुसली जाऊ शकते.

हे लिहिण्यास निमित्त घरचेच घडले. मोठ्या बहिणीचे लग्न २००६ साली विरारला झाले. वडिलांनी त्या वेळी म्हटलेली मंगलाष्टके एका डीव्हीडीत आहेत. वडील आज हयात नाहीत आणि त्यांचा आवाज त्या तबकडीखेरीज अन्यत्र कोठेही नोंदलेला नाही. नव्या लॅपटॉपला तबकडी घालण्याची जागाच नव्हती. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागून आणला, तर संगणकातील प्लेअरने काहीच दाखवले नाही. एका दुकानात नेली, तेव्हा 'गेली ही, टाकून द्या' असे उत्तर मिळाले. तबकडी प्रत्यक्षात शाबूत होती. ती वाचण्याची सोय त्या प्लेअरमध्ये नव्हती, एवढेच. 'चालत नाही' आणि 'नष्ट झाले' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतील फरक ओळखता यावा, यासाठी हा लेख.

डबा आणि आतील जिन्नस

व्हिडिओच्या बहुतेक तक्रारींचे मूळ एका गैरसमजात असते. फाइलच्या नावामागे एमपी-४, एव्हीआय, एमकेव्ही किंवा एमओव्ही अशी जी अक्षरे असतात, तो व्हिडिओचा प्रकार आहे असे आपण समजतो. वस्तुतः तो नुसता डबा आहे. चर्चगेटला पोहोचणारे जेवणाचे डबे बाहेरून सारखे दिसले, तरी एकात भाकरी असते आणि दुसऱ्यात पुलाव. तसेच फाइलचे आहे. चित्र, आवाज आणि सबटायटल हे जिन्नस त्या डब्यात वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले असतात. ते लहान जागेत मावावेत म्हणून एका विशिष्ट रीतीने दाबून भरलेले असतात. दाबण्याच्या आणि पुन्हा उलगडण्याच्या या रीतीला 'कोडेक' म्हणतात.

एच-२६४ ही रीत २००३ साली आली आणि आजही ती जवळपास प्रत्येक यंत्राला समजते. एच-२६५ किंवा एचईव्हीसी ही २०१३ची, तर एव्ही-१ ही २०१८ची. नवी रीत कमी जागेत तेवढेच स्वच्छ चित्र साठवते. परंतु ते उलगडण्यासाठी यंत्राला अधिक कष्ट पडतात आणि जुन्या यंत्राला ती रीत ठाऊकच नसते. त्यामुळे एकाच नावाच्या दोन एमपी-४ फाइलींपैकी एक टीव्हीवर चालते आणि दुसरी चालत नाही. आयफोनमध्ये २०१७पासून एचईव्हीसी रीतीने चित्रीकरण होऊ लागले. म्हणूनच भाच्याने पाठविलेला बारशाचा व्हिडिओ जुन्या संगणकावर नुसता आवाज ऐकवतो आणि चित्र काळे दाखवतो. फाइलमध्ये दोष नसतो. संगणकाला ती लिपी वाचता येत नसते.

फाइलच्या नावामागील अक्षरे बदलून हा प्रश्न सुटत नाही, हेही यावरून लक्षात येईल. डब्यावरची चिठ्ठी बदलली म्हणून आतली भाजी बदलत नाही.

पहिली कसोटी

कोणताही उपाय करण्यापूर्वी दोन साध्या चाचण्या घ्याव्यात. एक, त्याच प्लेअरमध्ये दुसरी फाइल लावून पाहावी. ती चालली, तर प्लेअर, स्पीकर आणि पडदा ठीक आहेत, दोष पहिल्या फाइलशी निगडित आहे. दोन, तीच फाइल दुसऱ्या प्लेअरमध्ये किंवा दुसऱ्या यंत्रावर लावावी. तेथे चालली, तर फाइल ठीक आहे, पहिल्या प्लेअरला ती समजत नाही. दोन्हीकडे चालली नाही, तरच फाइलविषयी शंका घ्यावी. पाच मिनिटांच्या या खटाटोपाने निम्म्याहून अधिक शक्यता बाद होतात.

पेन ड्राइव्ह टीव्हीला लावल्यावर फाइलच दिसत नसेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी. पेन ड्राइव्ह कोणत्या पद्धतीने फॉरमॅट केला आहे, हे येथे महत्त्वाचे ठरते. फॅट-३२ ही पद्धत बहुतेक टीव्हींना समजते, पण तिच्यात ४ जीबीहून मोठी एक फाइल ठेवता येत नाही. एक्सफॅटमध्ये मोठी फाइल मावते, परंतु काही जुन्या टीव्हींना ती पद्धत ओळखता येत नाही. पेन ड्राइव्ह नव्याने फॉरमॅट करायचा झाल्यास आतील सर्व फाइली आधी दुसरीकडे ठेवाव्यात, हे सांगणे न लगे.

व्हीएलसी आणि भारतातील नऊ महिने

अनेक रीती एकाच ठिकाणी उलगडणारा, विनामूल्य आणि जाहिरातींविना चालणारा प्लेअर म्हणून व्हीएलसी सर्वपरिचित आहे. रस्त्यावरील नारिंगी शंकू हे त्याचे चिन्ह. पॅरिसमधील एका अभियांत्रिकी संस्थेतील विद्यार्थ्यांनी १९९६मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून तो जन्मला आणि २००१मध्ये मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला झाला. त्याला लागणारे कोडेक त्याच्या पोटातच असल्याने वेगळे काही आणून बसवावे लागत नाही.

याच प्लेअरच्या संकेतस्थळावर भारतात २०२२च्या फेब्रुवारीपासून बंदी आली. त्यामागचे कारण जाहीर झाले नव्हते. ज्यांच्या संगणकात तो आधीच होता, त्यांचा तो चालू राहिला. नव्याने उतरवून घेऊ पाहणाऱ्यांना मात्र मूळ ठिकाण उघडत नव्हते. ऑक्टोबर २०२२मध्ये व्हीएलसी तयार करणाऱ्या व्हिडिओलॅन संस्थेने इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या साहाय्याने सरकारला कायदेशीर नोटीस धाडली आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठली.

बंदी उठली तरी त्या काळाचा धडा विसरण्याजोगा नाही. अधिकृत दार बंद झाले की माणूस मागच्या दाराने जातो आणि तेथे कोण उभे आहे ते त्याला कळत नाही. 'हा व्हिडिओ पाहण्यासाठी कोडेक उतरवा' अशी सूचना दाखवून संगणकात घातक प्रोग्राम घुसविण्याची युक्ती जुनी आहे. 'झ्लॉब' नावाच्या प्रोग्रामने २००५च्या अखेरीपासून नेमके हेच केले होते. म्हणून प्लेअर नेहमी त्याच्या मूळ संकेतस्थळावरून किंवा यंत्राच्या अधिकृत ॲप भांडारातूनच घ्यावा. अनोळखी पानावरची 'कोडेक पॅक' नावाची गाठोडी घरात आणू नयेत.

चित्र हिरवे दिसणे, चौकटी चौकटींत फुटणे किंवा प्लेअर अकस्मात बंद पडणे ही लक्षणे पुष्कळदा ग्राफिक कार्डाच्या साहाय्याने चित्र उलगडताना उद्भवतात. व्हीएलसीमध्ये टूल्स, प्रेफरन्सेस आणि इनपुट-कोडेक्स या क्रमाने गेल्यास हे साहाय्य तात्पुरते बंद करता येते. त्याने चित्र सुधारले, तर दोष ग्राफिक कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये आहे असे समजून तो अद्ययावत करावा.

जुन्या तबकड्या, जुनी लग्ने

वसई-विरार पट्ट्यातील शेकडो कपाटांत आजही नाटकांच्या व्हीसीडी, मुंजी-लग्नांच्या डीव्हीडी आणि त्याहून जुन्या व्हिडिओ कॅसेट पडून आहेत. समुद्राची खारट हवा आणि चार महिन्यांचा पावसाळा या दोहोंशी त्यांचे वैर आहे. कॅसेटच्या फितीवर बुरशी धरते. बुरशी दिसत असलेली कॅसेट यंत्रात घालू नये, कारण फीत तुटते आणि यंत्राचे डोकेही खराब होते. व्हीसीआर बनविणाऱ्या जगातील शेवटच्या प्रमुख कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६च्या जुलैमध्ये उत्पादन थांबविले. चालू स्थितीतील यंत्रे दरवर्षी कमी होत आहेत. त्यामुळे कॅसेटवरील चित्रण संगणकात उतरवून घेण्याचे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.

व्हीसीडी त्या मानाने सोपी आहे. तिच्यातील 'एमपीईजीएव्ही' नावाच्या फोल्डरमध्ये डीएटी अक्षरांची फाइल असते. ती संगणकात उतरवून व्हीएलसीमध्ये उघडल्यास सहसा चालते. चित्र धूसर वाटले तर तो बिघाड समजू नये. व्हीसीडीचे चित्र मुळातच ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे असते. आजच्या मोठ्या पडद्यावर ते ताणले जाते, इतकेच.

घरगुती डीव्हीडीत 'व्हिडिओ-टीएस' नावाचे फोल्डर असते आणि त्यात व्हीओबी अक्षरांच्या, प्रत्येकी कमाल १ जीबीच्या फाइली असतात. विंडोज ८पासून मायक्रोसॉफ्टने आपल्या नेहमीच्या प्लेअरमधून डीव्हीडी चालविण्याची सोय काढून टाकली, कारण तिच्या परवान्याचा खर्च प्रत्येक संगणकामागे द्यावा लागत असे. 'नव्या लॅपटॉपवर जुनी डीव्हीडी चालत नाही' या तक्रारीमागे बहुधा हेच असते. कॅमेऱ्यातील लहान तबकडीवर थेट झालेले चित्रण 'फायनलाइज' केलेले नसेल, तर ते दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर दिसत नाही. मूळ कॅमेरा मिळाल्यास त्यातून ही क्रिया पुरी करता येते.

तबकडी मळली असेल, तर मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोल गोल फिरवून नव्हे. ओरखड्यांमुळे नक्कल मध्येच अडकली, तरी धीर सोडू नये. 'डीडीरेस्क्यू' हा विनामूल्य प्रोग्राम आधी वाचता येईल तेवढा भाग उचलतो आणि अडणाऱ्या जागांकडे नंतर वळतो. दुसऱ्या ड्राइव्हवर तीच तबकडी सुरळीत वाचली जाते, असाही अनुभव येतो.

अर्धवट राहिलेले चित्रण

विसर्जनाच्या मिरवणुकीचे चित्रण चालू असताना फोनची बॅटरी संपली आणि नंतर ती फाइल उघडेना, ही तक्रारही नेहमीची. एमपी-४ फाइलमध्ये कोणते चित्र कोठे आहे, याची एक अनुक्रमणिका असते. बहुतेक कॅमेरे आणि फोन ती चित्रण थांबविल्यावर लिहितात. बॅटरी मध्येच संपली की चित्रे साठलेली असतात, पण अनुक्रमणिका लिहायची राहून जाते. पाने आहेत, परंतु पृष्ठांक नाहीत, अशा पोथीसारखी तिची अवस्था होते. त्याच फोनने, त्याच मांडणीत घेतलेला एखादा चांगला व्हिडिओ नमुना म्हणून दिल्यास 'अनट्रंक'सारखा प्रोग्राम ही अनुक्रमणिका पुन्हा रचू शकतो. जुन्या एव्हीआय फाइलींची अनुक्रमणिका व्हीएलसी स्वतःच तात्पुरती बांधून देतो. प्लेअरने तसे विचारल्यास होकार द्यावा.

मेमरी कार्डावरून फाइल चुकून पुसली गेली असेल, तर त्या क्षणी चित्रण थांबवावे. पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही. तिची जागा फक्त रिकामी म्हणून नोंदली जाते आणि नवे चित्रण तिच्यावर लिहिले जाईपर्यंत ती बहुधा परत मिळू शकते. मोठ्या कार्डाच्या कडेला कुलपाची लहान खिट्टी असते, ती लावून ठेवावी. 'फोटोरेक'सारख्या विनामूल्य प्रोग्रामने शोध घ्यावा आणि सापडलेल्या फाइली त्याच कार्डावर न ठेवता संगणकात ठेवाव्यात. 'कार्ड फॉरमॅट करायचे का?' असे यंत्राने विचारल्यास उत्तर नकारार्थीच द्यावे.

चित्र आहे, आवाज नाही

आवाज बंद ठेवलेला नाही आणि स्पीकर योग्य जागी जोडलेले आहेत, याची खात्री आधी करावी. त्यानंतर आवाजाचा कोडेक तपासावा. चित्रपटाच्या काही फाइलींत आवाज डीटीएस रीतीने भरलेला असतो आणि टीव्हीच्या अनेक मॉडेलांत ती रीत उलगडण्याची सोय नसते. अशी फाइल संगणकावर बोलते, टीव्हीवर मुकी होते. 'हँडब्रेक' या विनामूल्य प्रोग्रामने तिची एच-२६४ आणि एएसी रीतींतील नवी प्रत तयार करावी. मूळ प्रत मात्र जपून ठेवावी, कारण रूपांतरात चित्राची थोडी हानी होतेच.

ओठ आणि शब्द मागेपुढे होत असल्यास व्हीएलसीमध्ये जे आणि के या कळांनी आवाज पुढेमागे सरकवता येतो. जी आणि एच या कळांनी सबटायटल सरकतात.

मराठी सबटायटलची अडचण वेगळी आहे. अक्षरांऐवजी चौकोन दिसत असतील, तर त्या यंत्रात देवनागरी फाँट नाही. विचित्र चिन्हांची रांग दिसत असेल, तर फाइल यूटीएफ-८ पद्धतीने साठवलेली नाही किंवा प्लेअर ती वेगळ्या पद्धतीने वाचत आहे. नोटपॅडमध्ये फाइल नीट वाचता येत असेल, तर ती यूटीएफ-८ निवडून पुन्हा साठविल्यास प्रश्न सुटतो. 'विरार'मधील ऱ्हस्व वेलांटी 'व'च्या अलीकडे न येता पलीकडे जाऊन बसली, तर फाँट आहे, पण अक्षरे जुळविणारी यंत्रणा कच्ची आहे. असा दोष टीव्हीमधील अंगभूत प्लेअरमध्ये आढळतो. तेथे दुसरा प्लेअर वापरणे हाच मार्ग उरतो.

गोल फिरणारे चक्र

स्ट्रीमिंगमध्ये साखळीला आणखी एक कडी जोडली जाते, ती इंटरनेटची. संगणकात उतरवून ठेवलेला व्हिडिओ अडखळत असेल, तर दोष इंटरनेटचा नाही. तोच यंत्राच्या ताकदीचा किंवा कोडेकचा प्रश्न आहे. उतरवलेला सुरळीत चालतो आणि ऑनलाइन अडतो, तरच इंटरनेटकडे वळावे. फोनवर मोबाइल डेटा लावून तोच कार्यक्रम पाहावा. तेथेही अडला, तर अडचण पलीकडच्या सेवेत असू शकते. फोनवर चालला, तर घरातील वाय-फाय किंवा जोडणी तपासावी.

पूर्ण एचडी चित्रासाठी साधारणपणे ५ एमबीपीएस आणि ४-के चित्रासाठी १५ एमबीपीएस वेग लागतो. येथे एमबीपीएस म्हणजे मेगाबिट. फाइल उतरवताना दिसणारा मेगाबाइटचा आकडा त्याच्या आठव्या हिश्शाचा असतो. म्हणून ४० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला ५ मेगाबाइट दिसले, तर फसवणूक झाली असे समजू नये. राउटर लोखंडी कपाटामागे किंवा जमिनीवर न ठेवता उंच, मोकळ्या जागी ठेवावा. इमारतीत शेजारीपाजारी अनेक वाय-फाय असतील, तर ५ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडावा. त्याचा पल्ला कमी असतो, मात्र त्यावर गर्दीही कमी असते. शक्य असेल तेथे टीव्हीला केबलनेच जोडावे.

टीव्हीला लावायची स्ट्रीमिंग स्टिक सतत बंद-चालू होत असेल, तर तिचा वीजपुरवठा पाहावा. अनेक जण ती टीव्हीच्याच यूएसबी खाचेतून चालवितात. अशा खाचेतून पुष्कळदा अर्धा अँपिअरच वीज मिळते आणि स्टिकला बहुधा एक अँपिअर लागते. तिच्यासोबत आलेला ॲडॅप्टर भिंतीच्या सॉकेटला लावल्याबरोबर अनेक तक्रारी मिटतात. एखादे ॲप अडकल्यास आधी 'कॅशे' पुसावा. 'डेटा' पुसल्यास लॉग-इन आणि उतरवून ठेवलेले कार्यक्रमही जातात.

घड्याळ चुकले की कुलूप उघडत नाही

वसई-विरारकरांना वीज जाण्याचे अप्रूप नाही. २०१८च्या जुलैमधील पुरात रेल्वे थांबली आणि अनेक भाग अंधारात गेले, ते दिवस अद्याप विस्मरणात गेलेले नाहीत. दीर्घ काळ वीज गेल्यावर जुन्या संगणकाचे किंवा टीव्हीचे घड्याळ चुकते आणि मग एकही स्ट्रीमिंग सेवा उघडत नाही. कारण सुरक्षित सेवा आपली ओळख पटविण्यासाठी एक प्रमाणपत्र दाखविते आणि त्यावर वैधतेची मुदत असते. यंत्राला आज २०१५ साल आहे असे वाटत असेल, तर ते खरे प्रमाणपत्रही नाकारते. तारीख व वेळ 'स्वयंचलित' ठेवावी. संगणकाचे घड्याळ वारंवार मागे पडत असेल, तर मदरबोर्डवरील सीआर-२०३२ हा नाण्याएवढा सेल बदलावा.

प्रमाणपत्राची मुदत यंत्राच्या बाजूनेही संपू शकते. ९ मार्च २०२५च्या सुमारास जगभरातील दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट एकाएकी चालेनासे झाले. गूगलने त्यांच्यात घातलेल्या एका प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत भरली होती. कंपनीने ग्राहकांना 'फॅक्टरी रिसेट करू नका' असे बजावले आणि काही दिवसांत दुरुस्ती धाडली. ज्यांनी वाट पाहिली, त्यांची यंत्रे आपोआप सुरू झाली. ज्यांनी उतावीळपणे सगळे पुसून टाकले होते, त्यांना पुन्हा जोडणी करताना जास्तीचा त्रास सोसावा लागला. अनेक यंत्रे एकाच दिवशी बंद पडली, तर दोष आपल्या घरात नसण्याचीच शक्यता अधिक, हे यातून शिकण्यासारखे आहे.

हे लक्षात ठेवावे

• यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे, पण काहीही पुसू नये.
• दुसरी फाइल आणि दुसरा प्लेअर या दोन्ही चाचण्या आधी घ्याव्यात.
• प्रयोग नेहमी नकलेवर करावेत, मूळ प्रतीवर कधीही नाही.
• प्लेअर अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावा.
• फॉरमॅट आणि फॅक्टरी रिसेट हे शेवटचे उपाय आहेत.
• घरच्या मोलाच्या चित्रणाच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी.

बहिणीच्या लग्नाच्या तबकडीतील चार फाइलींपैकी तीन पूर्ण उतरल्या. चौथी, पंगतीची, निम्म्यावर थांबली ती थांबलीच. मंगलाष्टके दुसऱ्या फाइलीत होती. आता एक प्रत आमच्याकडे आहे, एक बहिणीकडे नालासोपाऱ्यात आणि एक पुण्याला काकांकडे. दुकानातील सल्ला त्या दिवशी ऐकला असता, तर यांपैकी एकही नसती.